ओमची बाबागाडी

बाबागाडी ज्यानं काढली त्यानं मखमलाबादचा मळा बघितला नव्हता. आमच्या काळ्या मातीत तिचं पुढचं चाक असं रुतायचं की गाडी जागेवर आणि पोरगं पुढं. उन्हात राहिली की पट्ट्याची कडी तापून पोराच्या मांडीला चटका. घडी करताना बोट सापडलं की आठ दिवस भाकरी थापायची पंचाईत. एसटीत घेऊन चढलं की कंडक्टर म्हणणार, टपावर टाका. टपावरून उतरवताना नवरा म्हणणार, कशाला आणली ही ब्याद? आणली त्यानंच होती. अंबडला त्याच्या कंपनीतल्या साहेबांची पुण्याला बदली झाली, तेव्हा त्यांच्या बाईंनी ही निळी गाडी अमोलला देऊन टाकली. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माझा ओम तेव्हा पाच महिन्यांचा होता.

फायदा एकच, दोन्ही हात मोकळे. म्हणजे काय ते पुरुषाला सांगून कळत नाही. त्याचे मोकळेच असतात.

माझ्या सासूबाई, सिंधुबाई, पहिल्या दिवशी गाडीकडं बघून म्हणाल्या, "पोराला चाकावर टाकतीस? कडेवर घ्यायला कंबर नाय का तुला?"

"आहे ना आई. पण तिच्यावर हंडाही घ्यायचाय."

"आम्ही हंडा पण घेतला आन पोरं पण घेतली."

"म्हणूनच रोज रात्री मला कंबर चेपायला लावता."

माझं तोंड असंच आहे. माहेरी त्यासाठी मार खाल्ला, सासरी बोलणी खाल्ली, पण ते काही बंद झालं नाही.

दिवाळीच्या तोंडावर फुलांची तोड चालू असताना सासूबाई शेवंतीच्या ओल्या वाफ्यात घसरून पडल्या. दोन दिवस झोपून होत्या, तिसऱ्या दिवशी उठून चुलीपाशी बसल्या. कुठं लागलं, किती लागलं, कुणी विचारलं नाही. सासऱ्यांनी नाही, अमोलनं नाही, आणि मीही नाही. शेवंतीला भाव होता ना तेव्हा! आणि त्याच आठवड्यात सासूबाईंचं गाडीबद्दलचं मन फिरलं. रोज सकाळी ओमला गाडीत बसवायच्या आणि निघायच्या. मारुतीच्या पारापर्यंत, पिठाच्या गिरणीपर्यंत, रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या भागीबाईंपर्यंत. मी खूश. मला वाटलं, म्हातारीला नातवाची हौस आली.

खरं काय होतं ते मला पाच महिन्यांनी कळलं, पण तुमच्यापासून कशाला लपवू? त्यांचा डावा पाय गेला होता. गाडीची दांडी धरल्याशिवाय त्यांना अंगण ओलांडता येत नव्हतं. दांडी धरली की मात्र ताठ चालायच्या, कुणाला शंका यायची नाही. नातवाला फिरवणारी आजी दिसायची.

आणि हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण त्यांच्या सासूला त्यांनी बघितलं होतं. त्या म्हातारीनं पाय मोडल्यावर काठी धरली. काठी धरली तशा तिच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या, मग तिची खाट गेली मागच्या पडवीत, गोठ्याला लागून. अकरा वर्षं ती तिथं होती. तिला भाकरी नेऊन द्यायच्या सिंधुबाईच. आमच्यात म्हातारीला कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. नुसतं मागच्या पडवीत ठेवतात.

आता माझा गाढवपणा सांगते. ओम चौदा महिन्यांचा झाला तरी पाऊल टाकेना. एक दिवस भागीबाई रस्त्यावरूनच ओरडल्या, "सुवर्णे, पोरगं पांगळं करतीस काय? सासू दिवसभर गाडीत बांधून ठेवती. पायाला माती लागू दे की त्याच्या!"

मी तरातरा घरी आले. सासूबाई ओमचा पट्टा लावत होत्या.

"आई, तो उतरतो म्हणतोय, ऐकू येत नाही का?"

"बसू दे गं. एक चक्कर मारून येते."

"चक्कर तुम्हाला मारायचीय का त्याला? तुमच्या हौसेपायी माझ्या पोराचे पाय जायचे!"

माझ्यासारखीला उत्तर देणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात माणूस फक्त स्वतःचं ऐकतो. त्याच रविवारी मी अमोलच्या हाती गाडी सिन्नरला धाडली. माझी नणंद योगिनी तिथं दिलेली, तिला नुकतीच मुलगी झाली होती.

ओम तीन आठवड्यांत चालायला लागला. मी जिंकले, असं मला वाटलं.

पण सासूबाई घराबाहेर पडेनात. पारावर नाही, गिरणीत नाही, शेजारच्या हळदीकुंकवालाही नाही. डोकं दुखतंय, ऊन लागतंय, नको वाटतंय. एक दिवस मी विळा विसरले म्हणून मळ्यातून मधेच घरी आले. सासूबाई संडासाकडं निघाल्या होत्या. आधी दाराची चौकट धरली. मग भिंत. मग कपड्यांची दोरी, ती हलली तशा थांबल्या. मग मोटारीचा पाइप. पाइप आणि संडासाचं दार यांच्यामध्ये सहा-सात पावलांची मोकळी जागा होती. तिथं धरायला काही नव्हतं. त्या खाली बसल्या आणि बसूनच सरकत निघाल्या. नेसत्या लुगड्यानिशी, शेणामातीतून, माझी सासू!

मी धावले. त्यांनी वर बघितलं आणि पहिलं काय म्हणाल्या? "अमोल नाय ना आलेला?"

त्यांचे पाय धुतले तेव्हा सगळं बाहेर आलं. वाफ्यात पडल्या ते, गाडीचं, त्यांच्या सासूचं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर त्यांनी माझा हात ओमच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. घरात कुणाला बोलायचं नाय. काठी घेतली की बाई संपती गं. मला मागं नको टाकूस."

मी कशाला टाकू? पण त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. त्यांची एकमेव चालती वाट मीच उचलून सिन्नरला पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातून जीपमध्ये बसून सिन्नर गाठलं. गाडी योगिनीच्या पडवीत होती आणि गाडीत तिची भाग्यश्री झोपलेली. इवलीशी मूठ गालाखाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, फोन न करता?" योगिनी म्हणाली.

"गाडी न्यायला आले."

योगिनीच्या सासूबाई, नवसाबाई, आतून आल्या. "दिलेली वस्तू माघारी नेत्यात का? मखमलाबादला अशी रीत हाय व्हय?"

"गरज पडली."

"ओम्या तर पळतो म्हणं आता. कशाला गरज?"

मी आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नव्हते. खऱ्यानंच एवढी माणसं दुखावली होती की खोट्याची वेळच आली नव्हती. पण शपथ होती.

"मला दिवस गेलेत," मी म्हटलं.

झालं! योगिनी गळ्यातच पडली. नवसाबाईंचा आवाज एकदम दुधासारखा झाला. कुंकू लावलं, साखर भरवली. योगिनीनं झोपलेल्या पोरीला हलक्या हातानं उचललं आणि गाडी पुसून दिली. तिला गाडी हवी होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी एक शब्द बोलली नाही. मी निघाले तशा नवसाबाई ओरडल्या, "थांब! पाळणा आन बाबागाडी रिकामी नेऊ नये. अन् तू तर अशी!" आणि त्यांनी सीटवर सोललेला नारळ ठेवून त्याला पट्टा लावला.

येताना गाडी टपावर न टाकता एसटीत शेजारीच ठेवली. कंडक्टरनं नारळाकडं बघितलं. "बाई, याचं हाफ काढू का?"

"काढा. शेंडी मोठी आहे, फुल काढा." सगळी एसटी हसली. मी खिडकीकडं तोंड करून रडले.

घरी पोचते तो अमोल अंगणात पेढ्याचा पुडा घेऊन उभा. योगिनीनं किराणा दुकानात फोन केला होता. सासरे, रंगनाथराव, खाटेवर बसून शेजाऱ्याला सांगत होते, "आता नात पायजे." सासूबाईंनी मला दारातून आत ओढलं.

"खरं?"

"नाही."

त्यांचा चेहरा पडला, मग बाहेर उभी गाडी दिसली आणि त्यांना कळलं. "येडे! पोट दिसायची वेळ आली म्हंजी काय सांगशील?"

"राहिलं नाही, म्हणेन."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. जोरात. "तसलं जिभेवर आणू नको. नसलेल्या लेकराला पण मारायचं नाय." हाताला ओमच्या तेलाचा वास होता.

मग त्या वळल्या आणि अंगणात गेल्या. चौकट धरली नाही. भिंत धरली नाही. डावा पाय मागं फरफटत, सगळ्यांसमोर, खाटेपर्यंत. अमोलच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"सुवर्णाला काय नाय," त्या म्हणाल्या. "माझा पाय गेलाय. दिवाळीपासनं. ती माझ्यासाठी खोटं बोलली. गाडी मला पायजे."

शेजारी हळूच उठून गेला. सासरे त्या पायाकडं बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी तो पाय बघितला नसावा. मला वाटलं, आता म्हणतील, जा आत, पडून राहा.

"सांगायचं नाय का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आयची खाट मागं टाकली म्हणून तुझी टाकीन, असं वाटलं तुला?"

"वाटलं," सासूबाई म्हणाल्या.

सासरे उठले, उगाच धोतर झटकलं. "काठी आणू का एखादी चांगली? शिसवाची?"

"काठी आणाल तर तुमच्याच पाठीत घालीन!"

अमोल रडता रडता हसला. म्हणाला, सकाळी आईला डॉक्टरकडं नेतो. सासूबाईंनी गाडीची दांडी धरली. नारळ काढून अमोलच्या हातात दिला, पदर खोचला आणि फाटकातून निघाल्या, संध्याकाळच्या सगळ्या गर्दीतून, रिकामी गाडी घेऊन. ओम त्यांच्या पुढं पळत होता, आणि मी मागं, हात लावायचा नाही म्हणून स्वतःचेच हात आवळून.

भागीबाई जुड्या बांधत होत्या. "अगं सिंधे, नातू तर पुढं पळतोय. गाडीत कुणाला नेतीस?"

"कुणाला नाय," सासूबाई म्हणाल्या. "माझा पाय चालंना झालाय. दिसत नाय का?"

भागीबाईंनी एकदा पायाकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग मेथीच्या जुड्या उचलून पोत्यावर जागा केली. "मग हुबी काय ऱ्हातीस? बस की."