चार मिनिटांचा पलंग

हॉटेलात पाऊल ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच इस्त्रीबाईंचं डोकं फिरलं. काउंटरमागची मुलगी हसली ती त्यांच्या मुलाकडे बघून, नमस्कार केला तो मुलाला, आणि "मॅडमना लिफ्ट चालेल ना?" हेही तिने मुलालाच विचारलं. मॅडम म्हणजे जणू सोबत आणलेली बॅग!

"मॅडमना जिनाही चालतो," इस्त्रीबाई म्हणाल्या. "आणि मॅडमना ऐकूही येतं."

मुलाने कपाळाला हात लावला. सुनेने मान फिरवून हसू दाबलं.

दोघांनी मोठ्या हौसेने घाट घातला होता हा. आपल्या गावातल्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात इस्त्रीबाईंनी अठ्ठावीस वर्षं खोल्या आवरल्या. त्यांनी घातलेल्या चादरीवर सुरकुती शोधून सापडायची नाही, म्हणून तिथल्या एका स्वयंपाक्याने त्यांना हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की शेवटी पगाराच्या कागदावरही कुणीतरी तेच लिहिलं. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या घातल्यात, आई, आता दोन दिवस तुम्ही लोळा," असं म्हणून सुनेने शहरातल्या या चकचकीत हॉटेलात खोली ठरवली. तेवढ्या एका वाक्यावर इस्त्रीबाई विरघळल्या, नाहीतर त्या कसल्या तयार होतात!

खोली चौथ्या मजल्यावर, चारशे सतरा नंबरची. मुलगा आणि सून गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर खुर्चीवर चढून दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. पलंगाखाली वाकून पाहिलं तर कुणाचा तरी एक मोजा. आरशाच्या खालच्या कडेला साबणाचे वाळलेले शिंतोडे. पलंगावर मात्र सात उशा! माणसाला डोकं एक, त्याला सात उशा कशाला लागतात, हे त्यांना अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि इथेही कुणी सांगणार नव्हतं. उशांच्या ढिगावर सोनेरी अक्षरांचं एक कार्ड ठेवलेलं होतं. 'आपली प्रत्येक इच्छा पूर्ण करणे हे आमचे कर्तव्य आहे.' आणि त्याखाली पाच रिकामे तारे, आवडेल तेवढे रंगवायला.

"आधी चौकट पुसा, मग कर्तव्याचं बघू," त्या कार्डाला म्हणाल्या.

संध्याकाळी त्या चहाला खाली उतरल्या तर तंग कोट घातलेला एक तरुण मॅनेजर हात जोडून पुढे आला. सगळं ठीक आहे ना, खोली आवडली ना, जाताना पाच तारे देणार ना? चौकटीबद्दल सांगायला इस्त्रीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. वरून शिव्या बसल्या की त्या घरंगळत कुणाच्या डोक्यावर येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी खोली आवरायला जी येईल तिलाच चार शब्द ऐकवायचे, असं त्यांनी ठरवलं. शब्दही तयार ठेवले होते.

ती आली सकाळी दहाला. तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, दोन मुलांची आई. हे शेवटचं ती येताच कळलं, कारण ढकलगाडी दारात लावता लावता ती फोनवर कुणाला तरी "धाकट्याला औषध दिलंस का?" असं विचारत होती. फोन बंद करून तिने त्यावर अंगठा टेकवला. टिंग असा आवाज झाला आणि ती अशी कामाला लागली की इस्त्रीबाई बघतच राहिल्या. काम वाईट नव्हतं. हात बसलेला होता, पण ती धावत होती. पलंगाला वळसा घालताना तिचं ढोपर कोपऱ्यावर आपटलं तरी ती थांबली नाही.

"अगं, जरा दम खा," इस्त्रीबाईंनी तयार ठेवलेले शब्द गिळले. "कोण मागे लागलंय?"

"हा," तिने फोनकडे मान वळवली. "खोलीत शिरले की टिंग करायचं, बाहेर पडले की टिंग. वीस मिनिटं मिळतात. एकविसावं लागलं की लाल ठिपका. महिन्यात तीन ठिपके पडले की घरी."

"खोल्या किती?"

"अठरा."

इस्त्रीबाईंना बारा असत. बारा आवरून घरी गेलं की रात्री पाठ अंथरुणाला टेकवत नसे, आणि इथे अठरा!

"तुला किती पडलेत?"

"दोन." ती आरसा पुसत होती. "एकदा एका साहेबांनी बाथरूममध्ये रंग सांडला होता केसांचा. आणि एकदा धाकट्याच्या शाळेतून फोन आला. मॅडम, जरा पाय वर घेता?"

इस्त्रीबाईंनी पाय वर घेतले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. चौकटीवरच्या धुळीचा राग आदल्या दिवसापासून त्या उराशी बाळगून होत्या. आता तो राग कुठे नेऊन ठेवावा कळेना. वीस मिनिटांत चौकटीपर्यंत हात पोचेल कसा? चौकट पुसायला एकविसावं मिनिट लागतं!

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. मुलगा अकराला न्यायला येणार होता. इस्त्रीबाई नेहमीसारख्या पहाटे उठल्या, आंघोळ उरकली, आणि विस्कटलेल्या पलंगाकडे पाहून त्यांचे हात शिवशिवायला लागले. असा पसारा टाकून जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. शिवाय ती येणार, ढोपर आपटत धावणार. त्यांनी बाह्या वर केल्या. पलंग घातला, बाथरूम घासलं, आरसा पुसला, कचरा पिशवीत बांधून दाराशी ठेवला. वर खुर्चीवर चढून चौकटही पुसली. दोन दिवसांत त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं, ते तेव्हा.

साडेनऊला रूमवाली आली. टिंग केलं आणि दारातच थबकली.

"हे कुणी केलं?"

"मी. अठ्ठावीस वर्षं हेच केलंय. बस तू."

"मावशी…" मॅडमची मावशी कधी झाली, ते दोघींनाही कळलं नाही. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, इस्त्रीबाईंनी दिलेलं पाणी प्याली, आणि लगेच उठली. सकाळी धुतलेल्या चादरींची वाट बघण्यातच पंधरा मिनिटं गेली होती, पुढच्या खोलीचे पाहुणे खाली ताटकळले होते. कचरा उचलला, टॉवेल बदलले, दारात वाकून टिंग केलं. चार मिनिटं झाली होती.

चूक झाली ती इथेच. वेळ जास्त लागला की लाल ठिपका, हे तिथल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. वेळ कमी लागला तर काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर तिथे कुणाचं लवकर झालंच नव्हतं.

सव्वादहाला इस्त्रीबाई बॅग घेऊन खाली आल्या. खोली बारापर्यंत त्यांचीच होती, पण तिथे एकटं बसून करायचं काय? काउंटरच्या बाजूच्या छोट्या ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. आतून मॅनेजरचा आवाज येत होता. पाहुण्यांशी बोलतानाचा मध त्यात औषधालाही नव्हता.

"चारशे सतरा चार मिनिटांत? कुणाला शेंड्या लावता? खोली न करताच बंद केलीत. हा तिसरा ठिपका. कार्ड आणि चाव्या इथे ठेवा."

"साहेब, त्या मॅडमनी स्वतः…"

"पाहुणे खोली आवरतात? निदान पटेल असं तरी बोला."

इस्त्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅग तिथेच सोडून त्या सरळ आत शिरल्या.

"मी आवरली खोली."

मॅनेजर चटकन उभा राहिला. चेहऱ्यावर मध परत आला. "मॅडम, आपलं मन मोठं आहे. पण यांना पाठीशी घालायची गरज नाही. आपल्याला त्रास झाला त्याबद्दल…"

"मला त्रास आत्ता होतोय. खोली बघितलीत का वर जाऊन?"

"गरज नाही, मॅडम. फोनमध्ये सगळं दिसतं."

"फोनमध्ये चादर दिसते?"

तो नुसताच हसला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कानाआड करताना हसतात ना, तसं. रूमवाली खाली मान घालून गळ्यातल्या कार्डाची दोरी काढत होती.

"ते कार्ड राहू दे गळ्यात," इस्त्रीबाई तिला म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळल्या. "बारापर्यंत खोली माझी आहे. तुमचं कर्तव्य काय ते सोनेरी अक्षरांत छापलंय. माझी इच्छा आहे की तुम्ही माझ्याबरोबर वर यावं. आणि तुमचे ते तारे अजून कोरेच आहेत बरं का."

ताऱ्यांचं नाव काढताच तो मुकाट्याने निघाला. त्यालाही वर कुणीतरी मोजत असणारच.

चारशे सतरा लख्ख होती, पण ती पाहुण्या बाईने आवरली हे मॅनेजरला पटेना. मग इस्त्रीबाईंनी स्वतः घातलेला पलंग स्वतःच उसकटला. सातही उशांचे अभ्रे काढले. "लाव घड्याळ," त्या रूमवालीला म्हणाल्या आणि हात चालवायला सुरुवात केली. चादर एका झटक्यात उलगडली, पहिल्याच फटक्याला बरोबर मधोमध बसली. गादीचा कोपरा ढोपराने उचलायचा, चादर खाली सारायची, दुमडायची, तळहाताने एकदाच दाबायची. चारही कोपरे. मग रजई. मग उशा, हनुवटीखाली धरून एकेक अभ्रा चढवत. शेवटची उशी ठेवताना कमरेत अशी चमक भरली की डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"चार मिनिटं," रूमवाली हळूच म्हणाली.

मॅनेजरने खरोखर टाळी वाजवली. "मानलं, मॅडम! आता विश्वास बसला. काढतो मी यांचा ठिपका." इस्त्रीबाईंनी श्वास सोडला. पण तो आपल्या फोनवर भराभर काहीतरी लिहायला लागला होता. "हे तर वर कळवायलाच हवं. या वयात चार मिनिटांत पलंग होतो, म्हणजे आपण उगाचच वीस मिनिटं देतोय. पंधरात खोली सहज व्हावी. दिवसाला चोवीस खोल्या होतील एकीच्या!"

रूमवालीने इस्त्रीबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, आणि म्हणूनच ती त्यांना सहन झाली नाही. वाचवायला आलेल्या त्यांनी तिथल्या सगळ्याच बायकांच्या मानेवर आणखी सहा खोल्या ठेवल्या होत्या.

"मघाशी म्हणालात चार मिनिटांत होत नाही," इस्त्रीबाईंचा आवाज खाली आला होता. घरच्यांना हा आवाज माहीत होता, तो लागला की मुलगा लहानपणी पलंगाखाली लपायचा. "म्हणून हिला घरी पाठवत होतात. आता होतं म्हणताय, म्हणून बाकीच्यांना मारता?"

"मॅडम, आपण स्वतःच करून दाखवलं…"

"एक! एकच खोली केलीय मी आज. हे बघा." त्यांनी उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. अंगठा मुळाशी गाठाळून आत वळला होता. "हा दरवाज्यात नाही सापडला. हा कोपरे दाबून असा झालाय. घरी पाण्याच्या बाटलीचं झाकण सून उघडून देते मला."

आणि त्यांनी पुन्हा एकदा, एका हिसक्यात, चादर ओढून काढली. सातही उशा जमिनीवर गेल्या. चादरीचा बोळा त्यांनी मॅनेजरच्या छातीवर दिला.

"घाला."

"मी?"

"तुम्ही. माझं वय जाऊ दे, तुमच्या वयात बघू किती मिनिटं लागतात. घड्याळ लाव गं."

"मॅडम, ठिपका काढतोय ना मी…"

"तो तर काढालच. आधी चादर."

टिंग वाजलं. त्याने चादर झटकली तर ती आडवी पडली. उभी केली तर पायथ्याशी पुरेना. एक कोपरा खोचावा तर समोरचा निसटून बाहेर यायचा. गादी उचलायला गेला आणि ती नुसतीच हलली. मग कोट काढून खुर्चीवर टाकला. वाकून वाकून चेहरा लाल झाला. एका उशीचा अभ्रा उलटा चढला, शिवण बाहेर. तिसऱ्या उशीपाशी तो थांबला आणि कपाळ पुसत म्हणाला, "ते पंधरा मिनिटांचं… नाही पाठवत मी."

"नाही पाठवत नको. पुसा. आणि तो ठिपकाही. आमच्यासमोर."

त्याने फोन काढला आणि दोन्ही पुसलं. रूमवालीने पुढे होऊन स्वतःच्या फोनमध्ये खात्री करून घेतली. दोन ठिपके होते, दोनच.

"किती मिनिटं झाली गं?" इस्त्रीबाईंनी विचारलं.

"साडेबारा मिनिटं, मावशी."

ते ऐकून मॅनेजर आपणच अर्धवट घातलेल्या पलंगाच्या कडेवर धपकन बसला.

"उठा, साहेब," इस्त्रीबाई म्हणाल्या. "बसलात ना, पडली सुरकुती. आणि अजून उशा नि बाथरूम राहिलंय."

रूमवालीने घड्याळ थांबवलं नव्हतं.