झाकणाचा करंडक

मी एक जुना करंडक आहे. रुपेरी मुलामा उडाला असला, तरी माझं झाकण अजून घट्ट बसतं. आणि मित्रांनो, माझा सगळा रुबाब त्या झाकणातच आहे.

लालबागच्या मैदानावर हुतूतूच्या अंतिम सामन्यात कोंडीराम एका दमात चौघांना बाद करून परतला आणि त्याने मला जिंकलं. गिरणी सुटली की माणसं मला बघायला चाळीत यायची. त्याची बायको कालिंदी मला रांगोळीने घासायची, आणि मी फळीवर ऐटीत बसायचो.

मग कोंडीरामचा दम तुटू लागला. गिरणीतल्या कापसाची तूस घशात जाते, असं तो म्हणत राहिला. तपासणी झाली तोवर क्षयाने एक फुप्फुस पोखरलं होतं. शिवडीच्या इस्पितळातून तो परतला, पण मैदान सुटलं ते सुटलंच. थुंकायचं ते झाकणाच्या भांड्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोंडीरामने मला खाली उतरवलं आणि माझ्यात फिनेल ओतलं. कालिंदी रडू लागली तेव्हा तो म्हणाला, "डबो कोणय लपवीत. करंडक कोण लपवता?"

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. घोषणा देऊन देऊन अख्ख्या चाळीचे घसे बसले होते. कोंडीरामच्या संघातला धोंडू मोर्चात सर्वांत पुढे असे. त्याच्या रुमालावर रक्त दिसलं तेव्हा घोषणांनी घसा फाटला, असं तो म्हणाला. लोकांना ते पटलं, उलट कौतुकच झालं. क्षयाचं नाव निघालं तर खानावळीतलं ताट बंद होईल आणि चाळीतल्या सामाईक गाळ्यातून आपली वळकटी बाहेर पडेल, ही धास्ती एकट्या धोंडूला होती.

मोर्चाच्या तयारीला सगळे जमले असताना कोंडीराम मला घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसला.

"घोषणांनी घसो बसता रे धोंडू, रगात पडना नाय. मी पण आधी कापसाकच दोष दिलंय."

धोंडूने मान खाली घातली. खोकला आला तसा त्याचा हात रुमालाकडे गेला, थबकला आणि माझ्याकडे वळला. सगळ्यांदेखत तो माझ्यात थुंकला. कोणीही उठून गेलं नाही. खानावळवाल्या मीराबाई एवढंच म्हणाल्या, "इस्पितळात जेवणाचो डबो मी धाडतंय."

औषधं बरेच महिने चालली, पण धोंडू बरा झाला. राज्य स्थापन झालं त्या सकाळी त्याने गच्चीवरून दिलेली घोषणा शेवटच्या शब्दापर्यंत फाटली नाही. कोंडीराम पुढे मला घेऊन मैदानोमैदानी फिरला. उरलेल्या एका फुप्फुसावर तो खेळाडूंना हीच गोष्ट सांगायचा.

मित्रांनो, खोकला रेंगाळला तर सबबी शोधू नका, वेळेवर तपासून घ्या. आणि आजारी माणसाचं ताट बाजूला सारू नका. माझ्यावर नाव कोंडीरामचं कोरलेलं आहे. पण मला दोनदा जिंकलं गेलं, आणि दुसऱ्यांदा जिंकलं ते धोंडूने.