खाली बघणारी पोर

निओमीच्या वेण्या घालता घालता व्हर्नेल तिच्याकडून चर्चमध्ये वाचायचा उतारा वाचून घेत होती. सात वर्षांची पोर, पण एका दमात, न अडखळता वाचायची.

"हलू नको गं, भांग वाकडा होतोय."

"मम्मा, बाईंनी कागद दिलाय. सही पाहिजे."

व्हर्नेलने फणी बाजूला ठेवून कागद वाचला. 'नजरेला नजर देत नाही. विचारलं तर बोलत नाही. आकलन कमी. विशेष वर्गासाठी तपासणी व्हावी.'

तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या याच घरात असाच कागद आला होता, तिच्या भावासाठी, ओटिससाठी. 'बाई शिकलेल्या, त्यांना जास्त कळतं,' म्हणत आईने सही ठोकली. शाळेच्या तळघरातल्या त्या विशेष वर्गात सगळी काळीच पोरं, त्यांच्यासारखी. ओटिस तिथून कधी वर आलाच नाही. आजही औषधाची चिठ्ठी व्हर्नेलकडून वाचून घेतो. मठ्ठ नव्हता हो तो!

"बाई रागावल्या की तू काय करतेस?"

"आजीनं शिकवलंय तेच. मोठी माणसं रागावली की मान राखायचा, डोळे खाली, तोंड बंद."

"आणि तुमच्या वर्गातला तो ब्रॅडी खुर्च्या फेकतो, तेव्हा?"

"बाई हसतात. म्हणतात, भारी दांडगा आहे मेला!"

ब्रॅडी गोरा होता. त्याच्या घरी कागद गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मायलेकी शाळेत गेल्या. आपला आवाज जरा चढला तर शाळेचे पहारेकरी बोलावतील, हे व्हर्नेलला पक्कं ठाऊक होतं.

"तिच्या भल्यासाठीच आहे हो," हॅल्वर्सनबाईंनी पेन पुढे केलं.

"बाई, तिच्याकडून एकदा तरी वाचून घेतलंत?"

"ती तोंड उघडेल तर ना! नुसती खाली बघते."

व्हर्नेलने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, आज वर बघ. आजीला मी सांगेन."

निओमीने घाबरत घाबरत मान वर केली आणि बाईंकडे टक लावून पाहिलं.

"बघितलंत?" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कशी रोखून बघतेय! हा उद्धटपणाही लिहावा लागेल."

व्हर्नेलने पेन परत सरकवलं.

"लिहा. माझी सही मिळायची नाही. खाली बघितलं तर मठ्ठ, वर बघितलं तर उद्धट. बाई, माझ्या पोरीनं बघायचं तरी कुठं?"