सोड

पावर हाऊसवर ऑपरेटर सुमेधची ड्यूटी असली, की हेमराज लाइनमन परमिटच्या कागदाच्या भानगडीत पडत नसे. नियम असा, की लाइनमनने लेखी परमिट घ्यावं, ऑपरेटरने लाइन बंद करावी, आणि लाइनमन खांबावरून उतरून तो कागद हातात आणून देईपर्यंत लाइन सुरू करू नये. नियम चांगलाच होता. पण सौसरकडचे संत्र्याचे बगीचे पाण्याला आले, की शेतकरी फोन करकरून जीव खातात. अशा वेळी एका कागदासाठी खांबापासून पावर हाऊसपर्यंत खेपा घालणार कोण? हेमराज फोनवर म्हणायचा, "बंद कर." काम आटोपलं की म्हणायचा, "सोड." आणि सुमेध डोळे मिटून लाइन सोडायचा.

दोघांचा भरोसाच तसा होता. हेमराजच्या बगीच्यातली संत्र्याची पहिली टोपली सुमेधच्या दारात उतरायची. सुमेधकडे बुद्धपौर्णिमेची खीर हेमराज आल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नसे. गावंही या जोडीवर खूश होती. साहेबांनी तर भर बैठकीत दोघांची पाठ थोपटली होती. कागद कुठे आहेत ते साहेबांनी विचारलं नाही. कशाला विचारतील? लाइट लवकर येत होती ना.

त्या दिवशी सकाळी पंपाच्या लाइनची तार तुटली. फोनवर "बंद कर" सांगून हेमराज खांबावर चढला. खाली चिंधू मजूर दोर ताणून उभा होता. नवी तार त्या दोराला बांधून वर ओढली होती. इकडे सुमेधचा फोन शेतकऱ्यांनी तापवून ठेवला होता. शेवटी त्याने हेमराजला फोन लावला.

"भाऊ, लोक लय कावून राहिले."

"बसतच आहे तार. फोन चालूच ठेवतो, खिशात हाय. झालं की सांगतो."

"हौ भाऊ."

सुमेध फोन कानाला लावून लाइनच्या बटणापाशी उभा राहिला. फोनमधून वारा ऐकू येत होता, पान्याची ठकठक येत होती. मग हेमराजचा तोच रोजचा मोकळा आवाज आला, "सोड."

सुमेधने लाइन सोडली.

हेमराज चिंधूला म्हणाला होता. दोर सोड, म्हणून.

"बंद करा! भाऊ चिकटले!" फोनमधून चिंधू किंचाळला. सुमेधने तत्क्षणी लाइन बंद केली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नागपूरला डॉक्टरांनी हेमराजचा उजवा हात कोपरापासून काढला. सुमेध दवाखान्यात रोज जायचा आणि दाराबाहेरूनच परत यायचा. आत जायची त्याची छातीच झाली नाही. चौकशीत हेमराजने खाटेवरूनच सांगितलं, "सोड म्याच म्हटलं होतं." त्या एका वाक्यावर सुमेधची नोकरी वाचली. थोडे दिवस घरी बसवून साहेबांनी त्याला परत त्याच खुर्चीवर आणलं.

आता तो कागदाशिवाय बटणाकडे बघतसुद्धा नाही. हेमराजच्या जागी आलेला श्रीधर फोनवर गयावया करतो, "भाऊ, मी खाली उतरलो, सोडा ना." सुमेध म्हणतो, "कागद आण." शेतकरी त्याला तोंडावर शिव्या देतात. देऊ द्या. त्याला शिव्यांचं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की सख्ख्या आईचा आवाज आला तरी आता आपला त्यावर विश्वास बसणार नाही.

हेमराज घरी आल्याचं कळलं, तेव्हा मात्र तो गेला. हेमराज ओसरीत खाटेवर बसला होता. त्याच्या शर्टाची उजवी बाही टाचणीने वर खोचलेली होती. तृप्तीवहिनीने चहा आणून ठेवला आणि ती लगेच आत गेली. पूर्वी ती सुमेधला जेवल्याशिवाय उठू देत नसे.

"मले शिव्या द्या भाऊ," सुमेध म्हणाला.

"कायले देऊ? तू माह्या शब्दावर केलं. यात तुही काय गलती?"

"म्या इचारलं असतं एकदा, कोणाले म्हटलं म्हणून..."

"कधी इचारलं होतं का आजवर? म्याही कधी इचारू देल्लं नाई." हेमराज हसायला गेला, पण जमलं नाही. "आता पावर हाऊसवर बसून करायचं काम देतो म्हणतात साहेब. तुह्या शेजारीच बसीन. चहा पाज आता."

सुमेधने चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढे धरली. हेमराजने डावा हात पुढे केला. त्या हाताला अजून सवय नव्हती. त्याने अंगठ्याने बशीची कड दाबली, चार बोटं खाली घेतली.

"सोड," हेमराज म्हणाला.

सुमेधचे हात सुटेनात. हेमराजने धरलेलं त्याला समोर दिसत होतं. बशी हलली, चहा सुमेधच्या बोटांवर सांडला, तरी सुटेनात.

"धरलं ना बाप्पा म्या. सोड."

सुमेधने मान हलवली. सोडतो, म्हणाला. एकच बशी धरून दोघं तसेच बसून राहिले, आणि तिच्यातला चहा निवत गेला.