हाऊसफुल्लची लाल पाटी

मी एक जुनी पाटी आहे. लाल पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांची. रंग बराच उडाला आहे, पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी जवळ येऊन पाहिलं तर 'हाऊसफुल्ल' एवढं अजून वाचता येईल. हल्ली मी यवतला शेळ्यांच्या गोठ्याचं दार आहे. त्याचं वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर काय सांगू? पत्र्याला ऊन लागतं, पाऊस लागतो. वाईट वाटण्याचं म्हणाल तर ते बऱ्याच वर्षांपूर्वी संपलं.

माझा जन्म दौंडला रखमाजी पेंटरांच्या दुकानात झाला. रखमाजी मूळचे कवठे येमाईचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती, आणि आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या पाठीवर रंगाची खूण करायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असे. मेंढरांवर बसलेला तो हात पुढे ट्रकवर आला, दुकानांवर आला आणि एके दिवशी माझ्यावर आला. स्टेशनासमोरच्या सिनेमा टॉकीजचे मालक सोपानराव यांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, "आबा, स्टेशनातनं बाहेर पडल्या पडल्या दिसली पायजे." म्हणून मी चारचौघींसारखी हातभर झाले नाही. चांगली दाराएवढी झाले.

मला टांगण्याचं काम सुभानकडे होतं. सुभान म्हणजे टॉकीजचा डोअरकीपर, पण तिकिटं फाडणं, पंख्यांना तेल देणं, भिंतींवर पोस्टरं डकवणं हे सगळं त्याच्याच गळ्यात. टॉकीजच्या मागे, पडद्याच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको नूरबी राहत. पडद्यावरच्या बंदुका तिच्या भाकरीच्या तव्यापर्यंत ऐकू येत. नूरबीने कित्येक सिनेमे असे पाठीमागून ऐकले. पुढून बघायला तिला कधी सवड झाली नाही.

सुभानचा नियम साधा होता. शेवटचं तिकीट गेल्याशिवाय मला हात लावायचा नाही. एक खुर्ची रिकामी असली तरी मी तिकिटाच्या खिडकीमागे भिंतीकडे तोंड करून उभी असे. सोपानराव पुष्कळदा म्हणत, "आरं, एका खुर्चीनं काय हुतंय? लाव की." सुभान म्हणे, "मालक, ती एक खुर्ची कुणाची तरी आसंल." मग कुठून तरी तो एकटा माणूस धापा टाकत येई, तिकीट घेई, आणि सुभान बाहीने माझं तोंड पुसून मला कमानीवर चढवी. मी लागले की मालक पेढे आणत. सगळा स्टाफ खाई आणि मला ऊन खायला मिळे. पण मी तेव्हा खूश होते, हे खरं आहे.

सिनेमा चालणार की पडणार, याचे आडाखे उन्हाळ्याच्या आधीच सुरू होत. उन्हाळा हाच टॉकीजचा खरा हंगाम. शाळांना सुट्ट्या, कारखान्याला ऊस गेलेला, पोरीबाळी माहेरी आलेल्या. पण लग्नसराईही तेव्हाच, त्यामुळे दाट मुहूर्त आले की मोठ्यातला मोठा सिनेमा तोंडावर आपटे. सोपानराव पुण्याहून वितरकाच्या बाता ऐकून येत. सुभानची परीक्षा वेगळी होती. तो गावोगाव पोस्टरं लावी ती गव्हाच्या खळीने. दुसऱ्या दिवशी हिरोचं तोंड कोणी अलगद सोलून नेलेलं असलं की सिनेमा चालणार. आणि खळ चाटायला आलेल्या शेळ्यांनीच ते खाल्लं असलं, तर सिनेमाने मुक्काम हलवायचा. ही परीक्षा चुकेही. पण वितरकाच्या बाताही चुकत, आणि त्या महाग पडत.

मग घरोघरी केबल आली. नंतर सीडीच्या चकत्या आल्या, आज पुण्यात लागलेला सिनेमा उद्या दौंडच्या बाजारात भाजीबरोबर मिळू लागला. मी भिंतीकडे तोंड करून आधी आठवडे काढले, मग हंगाम काढले. भिंतीला एक पोपडा होता. तोच बघत होते. पहिल्या वर्षी मला रडू आलं असतं, पत्रा नसते तर. दुसऱ्या वर्षी तेही नाही.

दोन हजार सालानंतरचा एक उन्हाळा होता. सोपानरावांनी सुभानला बोलावलं आणि पायरीवर बसून सांगितलं, "सुभान, औंदाचा उन्हाळा शेवटचा. चालला तर टॉकीज ठिवतो. न्हाई तर मंगल कार्यालय करायचं. लग्नाला मरण न्हाई."

"आन् आमची खोली?"

"तिथं आचाऱ्याचं भटारखानं येतंय. नकाशात तसंच हाय."

 संध्याकाळी सुभानने मला उगीचच पुसलं.

त्या उन्हाळ्यासाठी मालकांनी परदेशी हेरगिरीचा सिनेमा ठरवला. हिंदीतून बोलणारा, नाव 'बर्फ में बारूद'. पोस्टरवर काळ्या कोटातला गुप्तहेर एका हाताने विमानाला लोंबकळत होता. सुभानला धाकधूक होती. "मालक, मारामारीला पोरं येतील, पर बायका न्हाई यायच्या. बायका आल्याबिगर टॉकीज भरत न्हाई." नूरबीचं म्हणणं उलट होतं. "आवो, एवढ्या उन्हात बर्फ बघायला कोण न्हाई यायचं?" सोपानराव म्हणाले, नूरबी शिकली असती तर वितरक झाली असती.

सुभानने केडगावला, पाटसला, यवतच्या स्टँडवर पोस्टरं डकवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर यवतच्या भिंतीवरून गुप्तहेराचं तोंड नेमकं सोलून नेलेलं. शेळ्यांनी फक्त कोट खाल्ला होता. किती तरी महिन्यांनी मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

शुक्रवार उजाडला. दुपारचा खेळ उन्हामुळे विरळ गेला, तो तसाच जातो. खरा भरवसा संध्याकाळच्या खेळावर होता. पुण्याकडून शटल गाडी यायला थोडा वेळ होता. सुभान आत जाऊन रिकाम्या खुर्च्या बघून आला, बाहेर येऊन रस्ता बघून गेला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग तो खिडकीमागे आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"रिकाम्या हाटेलात कुणी च्या प्यायला शिरत न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "गर्दी दिसली की गर्दी हुती. घटकाभर लावतो. मानसं खिडकीपाशी आली की सांगतो, थोडी हायत म्हनून."

त्याने मला पुसलं नाही. तसंच उचललं आणि कमानीवर चढवलं. आत पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरत होते आणि बाहेर मी लाल होऊन लोंबत होते. बडा घर, पोकळ वासा म्हणतात, तो वासा झाकायला मी होते.

शटल आली. आणि मित्रांनो, माणसं खरंच आली होती. यवतची, केडगावची पोरं घोळक्याने आली. बायकाही होत्या. स्टेशनाबाहेर पाऊल पडताच सगळ्यांनी वर पाहिलं, कारण मी तिथूनच दिसावी अशी बनवली होती. घोळका थबकला. एक जण म्हणाला, "सुभानचाचानं पाटी लावलीय. म्हंजी झालं." दुसऱ्याने शंकाही काढली नाही. दुसरी कुठली पाटी असती तर कोणी खिडकीत डोकावून तरी बघितलं असतं. पण माझ्यावर त्यांचा इतक्या वर्षांचा विश्वास होता. ते वळले आणि परतीच्या गाडीच्या चौकशीला गेले.

सुभान धावत पायऱ्या उतरला. "आरं थांबा, जागा हाय आत. या की."

पोरं एकमेकांकडे बघून हसली. "चाचा, तुमी बी ब्लॅक सुरू केलं व्हय?"

त्याचा चेहरा मी वरून पाहिला. त्याला कोणी कानाखाली मारली असती तरी तो इतका पडला नसता.

तेवढ्यात एसटी स्टँडकडून रखमाजीआबा येताना दिसले. डोळे अधू झाल्यापासून दुकान बंद करून ते गावी राहत. बायको सगुणाबाई बरोबर होत्या, नवं लुगडं नेसलेल्या. कवठ्याहून गाड्या बदलत दोघं खास सिनेमाला आली होती. आबा माझ्यासमोर थांबले, कपाळावर हात धरून मला निरखलं आणि बायकोला म्हणाले, "बघ. माज्या हातची हाय. आजून लागती."

"आबा, चला आत," सुभान त्यांचा हात धरून म्हणाला. "लई जागा हाय."

आबांनी त्याचा हात हलकेच सोडवला. "सुभान, माज्यासाठी कुणाला उठवू नगंस. पाटी लागली म्हंजी लागली. आमी बघितलं, पोट भरलं." सगुणाबाईंनी पिशवीतून शेंगांचं पुडकं काढून त्याला दिलं. दोघं आली तशी निघाली. त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत तो पुडकं धरून उभाच राहिला. पाटी खोटी आहे, एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. ज्या माणसाने ती रंगवली त्याला ते कसे सांगणार?

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सुभानने मला लगेच उतरवलं, पण उतरवून काय उपयोग? गावोगाव बातमी गेली की दौंडला तुफान गर्दी आहे, तिकीट मिळत नाही. लोक म्हणाले, गर्दी ओसरली की पुढच्या आठवड्यात जाऊ. त्या आठवडाभर गुप्तहेर रिकाम्या खुर्च्यांसमोर बर्फात पळत राहिला. पुढच्या आठवड्यात लोक आले, तेव्हा सिनेमाची पेटी दुसऱ्या गावी रवाना झाली होती.

सोपानराव रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "दैव देतं आन् कर्म नेतं," एवढंच म्हणाले. पावसाळ्याच्या तोंडावर खुर्च्या निघाल्या, मग पडदा निघाला. पडदा काढल्यावर नूरबीने पहिल्यांदाच आत येऊन टॉकीज पुढून पाहिली. "केवढी मोठी हाय," ती म्हणाली आणि खोलीतली भांडी बांधायला लागली.

तिचा भाऊ नौशाद यवतला असतो. त्याने दोघांना जागा दिली आणि सुभानला शेळ्या घेऊन दिल्या. मला मालक भंगारात देणार होते, सुभानने मागून घेतलं.  मला तेव्हा ना आनंद झाला, ना दुःख. मला गोठ्याला बसवताना अक्षरं त्याने आतल्या बाजूला घेतली. तेव्हापासून माझा मजकूर फक्त शेळ्या वाचतात.

मित्रांनो, मी पत्रा आहे. माझ्यावर जे लिहिलं ते मी दाखवते, आत काय आहे ते मला माहीत नसतं. माणसं मात्र पाटी वाचतात आणि पाठ फिरवतात. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की एखाद्या दारावर माझ्यासारखी पाटी दिसली तर तिच्यावर विसंबून परतू नका. खिडकीपाशी जाऊन एकदा विचारा. आत कोणी तरी तुमची वाट बघत असेल. आणि तुमच्या हाती अशी पाटी आली, तर ती लावण्याआधी एकदा मागे वळून रस्ता बघा.

रोज दिवस मावळताना सुभान मला हातात धरून गोठ्याशी उभा राहतो. शेळ्या आत शिरतात. अंधार पडायला लागतो, तवा तापलेला असतो, आणि नूरबी घरातून म्हणते, "लावा की आता. आल्या सगळ्या."

"थांब," सुभान म्हणतो. "एक यायचीय."