मच्छरदाणीबाहेर

संपतराव सुनेशी थेट कधी बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्यांच्या घरात सासरा सुनेच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन खाकरायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. बायको होती तोवर निरोप तिच्या तोंडून जात. ती गेल्यावर ते काम मुलाकडे, इंद्रजीतकडे आलं. आता इंद्रजीत कंपनीच्या कामासाठी महिनाभर जर्मनीला गेला होता आणि घरात दोघंच उरली होती, संपतराव आणि ऋतिका.

नेमका तेव्हाच ऋतिकाला ताप भरला. हिंजवडीच्या ऑफिसचं काम ती घरूनच करायची. त्या दिवशी लॅपटॉप उघडा टाकून तशीच आडवी झाली. डोळ्यांच्या मागं ठणकतंय, हाडं मोडल्यासारखी दुखतायत, असं ती फोनवर नवऱ्याला सांगत होती ते संपतरावांनी ओसरीतून ऐकलं. त्यांनी आपली गुडघेदुखीची गोळी आणि पाण्याचा तांब्या दारात ठेवला. पण जीव राहिना, म्हणून रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर श्रद्धांनी विचारलं, "काही औषध घेतलंय का?" ऋतिकानं पर्समधून ती गोळी काढून दाखवली. अजून घेतलेली नव्हती.

"बरं झालं. डेंग्यू असेल तर असल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापावर फक्त पॅरासिटामॉल."

रक्त तपासलं. डेंग्यूच निघाला.

"प्लेटलेट कवा चढवायच्या?" संपतरावांनी विचारलं. गावात सगळे हेच बोलत.

"बहुतेकांना लागत नाहीत, काका. या तापावर वेगळं औषधच नाही, पाणी पाजत राहणं हाच उपाय. नारळपाणी, सरबत, पेज, घोटघोट का होईना, पण सतत. दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, नाहीतर तिला चावलेला डास उद्या तुम्हाला आजारी पाडेल. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. खरं जपायचं तेव्हाच. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर तडक घेऊन यायचं. लघवीचं विचारत जा."

संपतराव फरशीकडे बघत म्हणाले, "म्या?"

"दुसरं कोण आहे घरी?"

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या शालूला गळ घातली. ती आत जाऊन लघवीचं विचारायची आणि बाहेर येऊन कुंपणावरून नुसती होकारार्थी मान हलवायची. तेवढ्यानं भागत होतं. संपतराव पेज शिजवून दारात ठेवत. अंगणातली पाण्याची पिंपं त्यांनी पालथी केली, घासून उन्हात टाकली. एकात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

मग एका सकाळी ताप उतरला. शालूला हायसं वाटलं, ती माहेरच्या लग्नाला गेली. दुपारी संपतरावांनी दारातून डोकावलं. नारळपाण्याचा पेला तसाच भरलेला. फोन वाजत होता, तरी ऋतिका उचलत नव्हती. ते खाकरले. उत्तर आलं नाही.

ते उंबरा ओलांडून आत गेले आणि मच्छरदाणीबाहेर खुर्ची ओढून बसले.

"पोरी, एक इचारू?"

"हं."

"सकाळधरनं..." त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "सकाळधरनं लघवीला गेलीस का?"

आपलं चुकलंच, असं त्यांना वाटलं.

"नाही, आबा. रात्रीपासूनच कमी होतीये. आणि पोटात खूप दुखतंय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हाला कसं सांगू?"

त्यांनी जाळी वर केली, तिचा हात धरला. हात गार पडला होता, तळवा घामेजलेला. त्यांनी तिला खांद्याचा आधार देऊन उठवलं. रिक्षात ती त्यांच्या दंडावर डोकं टेकून बसली. वाटेत ओळखीचे चेहरे दिसले, पण त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

दवाखान्यात ताबडतोब सलाईन सुरू झालं. "रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय, रक्त घट्ट झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण वेळेत आणलंत." सलाईन जास्तही चालत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासून डॉक्टर ते कमीजास्त करत होत्या. प्लेटलेट उतरल्या होत्या. पण कुठून रक्त येत नव्हतं, म्हणून चढवाव्या लागल्या नाहीत. संपतराव पलंगाशेजारी बसून राहिले. संध्याकाळी नर्सनं विचारलं, "लघवी झाली का?"

"झाली," ऋतिका म्हणाली, "भरपूर."

संपतरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

पुढं प्लेटलेट आपोआप चढू लागल्या, पोट दुखायचं थांबलं. ऋतिका घरी आली तेव्हा तळहातांना खाज सुटत होती आणि जिना चढताना धाप लागत होती. हेही काही दिवसांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संपतरावांनी पेजेची वाटी आणून तिच्या हातात दिली. तिनं एक घोट घेतला.

"आबा, मीठ कमी आहे."

या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. आजवर तिनं कशालाही नावं ठेवली नव्हती.

"व्हय? मग म्या बी खाऊन बघतो," असं म्हणत संपतराव मीठ आणायला गेले आणि येताना स्वतःसाठीही एक वाटी भरून घेऊन आले.