रेडिएटरची हजामत

दीर बस मोजत होता. हातात टेप, कानावर पेन्सिल, तोंडात शेंगदाणे. आधी लांबी घेतली, मग रुंदी, मग खिडक्या. त्याची वहिनी, कात्री, आत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मांडी घालून त्याचे चाळे बघत होती.

"भाऊजी, मापं कशाला? झबलं शिवताय का तिला?"

"खुराडी बसवायचीत वहिनी. या बाजूला तीन मजले, त्या बाजूला तीन. मधे माझ्यापुरती वाट." त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. "या आरशांचं काय करावं तेवढं सुचत नाहीये. कोंबडीला आरसा चालतो का हो?"

"तुम्हाला चालतो ना? मग कोंबडीनं काय घोडं मारलंय."

दीर खदखदून हसला, पण रेघ काही पुसली नाही.

तिला सगळे कात्रीच म्हणत. धंदा केस कापायचा आणि जीभ त्याहून धारदार, म्हणून. पन्नाशी उलटली तरी गिऱ्हाइकाच्या मानेवर हळूच बर्फाचा खडा टेकवायची खोड गेली नव्हती. नवऱ्यानं भंगारातून एक म्हातारी बस उचलली आणि दोघांनी मिळून तिचं घर-दुकान केलं. पुढच्या अर्ध्या भागात दोन खुर्च्या, आरसे आणि डोकं धुवायचं बेसिन. पडद्यामागे शेगडी, कपाट आणि पलंग. इंजिन मागे, बरोब्बर पलंगाखाली. थंडीत गादी आयती गरम. शेजारणी जळायच्या.

पण तीच गरमी आता मुळावर उठली होती. सपाटीवर बस गुणी बाळ. घाट लागला की डोक्यात राख. आधी गिअरबॉक्सचा काटा चढायचा, मागोमाग इंजिनचा, दोन्ही तांबड्यात गेले की बस वाफा सोडत मधेच बसकण मारायची. दोनदा असं झालं. दिराचा धंदाच बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा, त्यामुळे दोन्ही वेळा तो आपला क्रेनचा ट्रक घेऊन आला आणि पुतणी शाळेतून आणावी तशी बस घरी घेऊन आला. दुसऱ्या खेपेला भर चौकात लोक हसले. नवरा तिरीमिरीत बोलून बसला, "तिसऱ्यांदा हूक लावायची वेळ आली तर तूच घे ही. कोंबड्या पाळ तिच्यात."

हा माणूस वर्षभरात एकदा तावातावानं बोलणार, आणि ते एकच वाक्य खरं करून दाखवणार. कात्रीनं तिथेच कपाळाला हात लावला होता.

घाटापलीकडे धरणाचं काम चाललं होतं. चारशे डोकी, आणि न्हावी औषधालाही नाही. तिथल्या साहेबानं दुकान लावायला जागा कबूल केली होती, पाणीही देणार होता. घाट चढला तर धंदा, घर, सगळं बैजवार. नाही चढला तर नवरा-बायकोनं दिराच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायचं आणि सकाळी आपल्याच घरातून कोंबडा आरवलेला ऐकायचा.

नवऱ्यानं आठवडाभर बसखाली संसार मांडला होता. पट्टा नवा, थर्मोस्टॅट नवा, पाणी बदललं, गिअरबॉक्सचं तेल बदललं. मागच्या कोपऱ्यात जाळीआड रेडिएटर, त्यावर नळी धरून जाळी अशी धुतली की तिच्यात तोंड दिसावं.

"आता कुठे तापते बघू," तो म्हणाला.

दीर म्हणाला, "मी आपला मागून येतो. सहज. हवा खायला."

निघाले. पुढे बस, मागे क्रेनचा ट्रक, ट्रकमागे डुलत असलेला तो मेला हूक. कात्री नवऱ्याच्या बाजूला उभी राहून काट्यांवर नजर लावून होती. नवऱ्यानं जन्मभर काचसामानाची गाडी हाकलेली. पेडल असं दाबायचा, जणू खाली मांजराचं पिल्लू आहे.

"अहो, मागे कपबश्या नाहीत आता. खालच्या गिअरमध्ये टाका आणि दाबा."

"इंजिन ओरडतं."

"ओरडू दे की. ओरडतं तेवढं पंखा जोरात फिरतो. वरच्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चढवलं की गिअरबॉक्स आतल्या आत घुसळत बसतो, त्यानंच तापतो. तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"मी सांगितलं होतं?"

"झोपेत."

त्यानं गिअर खाली घेतला. बस गरजली. पहिली दोन वळणं छान गेली. तिसऱ्या वळणावर गिअरबॉक्सचा काटा हलला. नवऱ्यानं न बोलता हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची थोडी गरमी तरी आत यावी. आली. भर दुपारी आत अशी भट्टी पेटली की शाम्पूच्या बाटल्या घाम गाळायला लागल्या. कात्रीनं एक टॉवेल भिजवून आपल्या डोक्यावर घेतला, एक त्याच्या डोक्यावर टाकला. दोघं अंघोळीतून उठून पळाल्यासारखी दिसत होती.

काटा चढतच होता. आणि तेवढ्यात तिच्या नाकाला तो वास लागला.

नवराही हुंगत म्हणाला, "तेल जळतंय."

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी फार मोठं झालेलं असतं, हे नवऱ्याला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्यानं घाबरून रस्ता रुंद होता तिथे बस कडेला घेतली.

तेल नव्हतं ते. केस सरळ करायची तापलेली पट्टी जरा जास्त वेळ राहिली की येतो, तो वास. अर्ध्या आयुष्यात तिनं तो इतक्यांदा घेतला होता की झोपेतही चुकला नसता. केस करपत होते. बसमध्ये कुणाचे केस करपणार?

"इंजिन जरा चालू ठेवा, निवू दे," एवढंच म्हणून ती हातआरसा घेऊन खाली उतरली. मागच्या कोपऱ्यात जाळी चकाचक. जाळीआड गिअरबॉक्सच्या तेलाचा छोटा कूलर, तोही स्वच्छ. त्याच्यामागे मोठा रेडिएटर. दोघांच्या मधे चार बोटांची फट. डोळा तिथे पोचत नव्हता. तिनं आरसा तिरका करून फटीत धरला, गिऱ्हाइकाला मान दाखवायला धरतात तसा.

आरशात रेडिएटर दिसलाच नाही. दिसलं एक घोंगडं. काळं, करडं, मधेच मेंदीचं लाल. पोस्टमास्तरांचं पांढरं तिनं लगेच ओळखलं.

रोज संध्याकाळी ती जमलेले केस झाडूनं मागच्या दारातून बाहेर लोटायची. ड्रायरला वीज हवी म्हणून इंजिन तेव्हा चालूच असायचं, आणि दारालगतच्या जाळीतून पंखा हवा आत ओढायचा. हवेबरोबर सगळ्या गावाची हजामत. पातळ कूलरमधून केस पार होत होते आणि रेडिएटरला जाऊन चिकटत होते. वर नवरा बाहेरून पाणी मारून मारून त्यांचं दाबून नमद्यासारखं घोंगडं करत होता.

म्हणजे दोनदा बस ओढून आणली ती हिच्या झाडूमुळे. आणि गेले दोन महिने ती नवऱ्याला ऐकवत होती, "तुम्हाला चालवता येत नाही."

तिला हसू फुटलं. तिनं टॉवेल तोंडात कोंबला.

तेवढ्यात ट्रक येऊन थांबला. दीर उतरला, हात चोळत.

"दादा, कसा आहेस? बरा आहेस ना? मी काय म्हणतो, साखळी लांब सोडू की आखूड?"

नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. शब्द दिला होता, तो मोडणार नव्हता. कात्रीनं झटक्यात हिशेब केला. कूलरचे दोन बोल्ट काढून तो बाजूला वळवायचा, घोंगडं सोलून काढायचं, परत लावायचं. वेळ हवा. आणि दिराचे हात त्या हुकापासून लांब हवेत.

"भाऊजी," ती म्हणाली, "घ्या की बस. आम्ही कुठे नाही म्हणतोय? पण मालक होताय, असं जंगल वाढवून होणार? चौकात सगळे बघायला येतील. शेवटची दाढी माझ्याकडून. फुकट."

दीर गालावरून हात फिरवत म्हणाला, "फुकट?"

"फुकट. चंपीसकट."

फुकट चंपीला त्यांच्या घराण्यात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

तो आत जाईपर्यंत तिनं इंजिन बंद करवलं आणि नवऱ्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. जाळीकडे पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"मग हसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि हे घ्या. मोठे दात, बारीक दात. पंखा थांबल्याशिवाय हात घालू नका, आणि टॉवेल धरा, चटका बसेल."

त्यानं कंगवे वरच्या खिशात खोवले.

आत तिनं दिराला खुर्चीत आडवा केला, डोळ्यांवर गरम टॉवेल ठेवला आणि ब्रशनं फेस करायला लागली. इतका फेस तिनं कुणा नवरदेवालाही लावला नव्हता.

"वहिनी, मागे काय खरवडतंय?"

"तुमचा दादा सामान काढतोय. जड मनानं."

"बिचारा." दिरानं पाय लांब केले. "तुम्ही वरच्या खोलीत राहा. मोकळी केलीय मी. खिडकीला पडदाही लावलाय."

कात्रीनं ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. हा माणूस टेप घेऊन हिंडतो काय, आणि पडदे लावतो काय.

"आम्ही पलीकडे गेलो तर करमणार नाही वाटतं तुम्हाला?"

"मला? छे." फेसातून आवाज आला. "धंदा बुडतो. तुमच्याइतकं नियमानं बंद पडणारं गिऱ्हाईक कुठेय दुसरं."

"मान इकडे करा. आणि बोलू नका, कापेल."

तिनं डावा गाल सावकाश, चवीनं केला. मग तेलाची बाटली घेऊन चंपी सुरू केली. मागून एकदा काहीतरी ओलं, जड खाली पडल्याचा आवाज आला आणि त्यामागे नवऱ्याचं दाबलेलं हसणं. खोकला आलाय असं तिनं सांगितलं. मग जाळी परत बसवल्याचा आवाज. मग पाणी भरल्याचा. नवरा पुढच्या दारातून चढला, कोपरापर्यंत काळा, आणि गडी स्टिअरिंगवर जाऊन बसला.

तिनं वस्तरा मिटून खणात ठेवला. "अहो, चला."

बस सुरू झाली आणि कडेवरून रस्त्यावर आली.

दिरानं टॉवेल ओढून काढला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेसाचा डोंगर. "अरे, कुठे? माझा ट्रक राहिला मागे."

"हूक लागला का भाऊजी?"

"अहो पण वहिनी..."

"लागला का?"

"तुम्ही लावू दिलात का?"

"मग बसा खाली. पट्टा बांधा. वळण येतंय."

नवऱ्यानं या खेपेला पेडल असं दाबलं, जणू जन्मभराच्या कपबश्यांचा सूड उगवतोय. खालच्या गिअरमध्ये बस गरजत निघाली. तिघंही काट्यांकडे बघत होते. चौथं वळण. पाचवं. गिअरबॉक्सचा काटा मधोमध गेला, विचार केला आणि तिथेच राहिला. इंजिनचा तर हललाच नाही. कात्रीनं हीटर बंद करून खिडक्या उघडल्या. गार वारा आत आला. दिराच्या गालावरचा फेस उडून आरशाला लागला.

"काय केलंस रे दादा?" तो हळूच म्हणाला.

"कंगवा फिरवला."

माथ्यावर पोचले तेव्हा बस धापही टाकत नव्हती. नवऱ्यानं पायरीपाशी ठेवलेलं ते घोंगडं उचलून दिराच्या मांडीवर टाकलं. चांगल्या धष्टपुष्ट बोक्याएवढं होतं. दीर दचकून उभा राहिला, मग खाली वाकून बघायला लागला.

"हे कुणाचे?"

"सगळ्यांचे," कात्री म्हणाली. "थोडे तुमचेही असतील. झाडू माझाच होता. आता एकदाच मनापासून हसून घ्या दोघं, नंतर हा विषय काढायचा नाही."

दोघा भावांनी मनापासून हसून घेतलं. बराच वेळ घेतलं. एक थांबला की दुसरा पोस्टमास्तरांचं नाव काढायचा. कात्रीनं आधी तोंड वाकडं केलं आणि मग तिलाच सगळ्यांपेक्षा जोरात हसू आलं.

समोर उतारावर धरणाची भिंत दिसत होती, आणि तिच्या पायथ्याशी पत्र्यांची घरं. दीर तिकडे बघत उभा राहिला.

"लांब आहे की हो," तो म्हणाला.

"घाट एक. तुमच्या ट्रकला जमेल. महिन्याला एकदा दाढी, त्याला पैसे पडतील."

"ट्रक," त्याला एकदम आठवलं. "मी खाली जाणार कसा?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं नवऱ्याकडे. आज दोघांच्याही मनात एकच खाज होती.

"सोडतो की," नवरा म्हणाला आणि बस वळवायलाच लागला. "सोडतो आणि परत चढतो."

"आणि माझा हा गाल?"

"तो वर आल्यावर," कात्री म्हणाली. "चढावर वस्तरा चालवत नाही मी."

खाली गेले. दीर ट्रकमध्ये बसला, हूक नीट वर करून बांधला आणि बसच्या मागे लागला. कात्री मागच्या खिडकीत उभी राहून बघत होती. बस घाट पिऊन टाकावा तशी चढत होती, आणि मागे तो अर्धी दाढी घेऊन, हॉर्न वाजवत, वळणावळणाला म्हणत होता, थांबा, थांबा की जरा.

थांबणार कोण.